मुका विनोद : फाळके आणि त्यांचे फ्रेंच सोबती



सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलें, कीं कुंभारी हें गांव लागतें. या गांवाच्या शिवारांत २००६ सालीं गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें विडी कामगार स्त्रियांसाठीं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढें २०२४ च्या जानेवारींत रे नगर या दुसऱ्या वसाहतींतील पंधरा हजार घरें कामगारांच्या स्वाधीन झालीं. सायंकाळीं या घरांच्या ओळींतून हिंडणाऱ्याच्या कानांवर एकच एक भाषा पडत नाहीं. एका उंबऱ्यावर तेलुगु चाललेली असते, दुसऱ्यावर कन्नड, तिसऱ्यावर मराठी, तर चौथ्यावर दखनी उर्दू. अशा ठिकाणीं कोणी एखादी खुमासदार मराठी कोटी केली, तर काय होईल? चारांतलीं एकदोन घरें हंसतील. उरलेल्यांना ती समजावून सांगावी लागेल. आणि समजावून सांगितलेला विनोद हा विझलेल्या चुलीसारखा असतो. परंतु तेथेंच एखादे ऐटबाज गृहस्थ नळाशेजारच्या साबणाच्या पाण्यावरून घसरले आणि पडतां पडतां आपण जणू मुद्दामच खालीं बसलों असा आव त्यांनीं आणला, तर चारहि उंबऱ्यांवर एकाच क्षणीं हंसें पिकेल.

विनोद असा दोन प्रकारचा आहे. एक कानांचा आणि दुसरा डोळ्यांचा. मराठी माणसाला पहिल्याची ओढ मोठी. आपलें प्रहसन, आपला तमाशांतील सोंगाड्या, आपले विनोदी लेखक हे सारे शब्दांवर पोसलेले. परंतु ज्या काळीं चित्रपटाला वाचाच फुटली नव्हती, त्या काळीं दिग्दर्शकापुढें दुसऱ्या प्रकाराखेरीज गत्यंतर नव्हतें. शब्दावांचून हंसवावयाचें कसें, या प्रश्नाचें उत्तर फ्रान्समध्यें कांहीं दिग्दर्शकांनीं शोधलें, आणि आपल्या महाराष्ट्रांत तें धुंडिराज गोविंद फाळके यांनीं शोधलें. या दोन शोधांची तुलना हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभ पॅरिसपासून करूं. २८ डिसेंबर १८९५ रोजीं तेथील एका कॅफेंत ल्यूमिएर बंधूंनीं तिकीट लावून चलच्चित्रांचा खेळ केला. त्यांत एक मिनिटाहूनहि लहान असा एक विनोदी प्रसंग होता. माळी रबरी नळीनें बागेला पाणी देत असतो. एक व्रात्य पोरगा हळूच मागून येतो आणि नळीवर पाय देतो. पाणी बंद होतें. माळी बुचकळ्यांत पडून नळीच्या तोंडाशीं डोळा नेतो. पोरगा पाय उचलतो. आणि फवारा माळ्याच्या तोंडावर उडतो! प्रसंग एवढाच, पण डोळ्यांच्या विनोदाचा पहिला नियम त्यांत संपूर्ण सांपडतो. पोरगा प्रेक्षकाला दिसतो, माळ्याला दिसत नाहीं. प्रेक्षकाला आधीं कळतें आणि पात्राला मागाहून. या दोहोंमधल्या अंतरांत हंसें जन्मास येतें. तें अंतर किती लांबवावयाचें आणि केव्हां मिटवावयाचें, हें ठरविणें म्हणजेच विनोदी दिग्दर्शकाची कला. याच ल्यूमिएर बंधूंचीं चित्रें ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत दाखविलीं गेलीं, आणि आपल्या देशाचें पडद्याशीं नातें जडलें.

ल्यूमिएरांच्या मागोमाग आले जॉर्ज मेलिएस. हे मूळचे जादूगार. पॅरिसमध्यें त्यांचें स्वतःचें जादूच्या खेळांचें नाट्यगृह होतें. कॅमेरा मध्येंच थांबवून वस्तु बदलावी आणि पुन्हां चालू करावा, म्हणजे पडद्यावर ती वस्तु क्षणांत पालटलेली दिसते. तीच फीत पुन्हां पुन्हां वापरून चित्र घेतलें, तर एकाचे अनेक होतात. या युक्त्या त्यांनीं हस्तगत केल्या. १८९८ च्या एका चित्रांत मेलिएस आपलें डोकें उचलून मेजावर ठेवतात. धडावर दुसरें येतें, तेंहि काढून ठेवतात. अशीं ठेवलेलीं डोकीं गाऊं लागतात, आणि त्यांचें गाणें असह्य झाल्यावर जादूगार त्यांतल्या दोघांना चक्क बडवून नाहींसें करतो. १९०० च्या दुसऱ्या एका चित्रांत एकटे मेलिएस सात वादक होऊन सात खुर्च्यांवर बसतात. येथें हंसें येतें तें अद्भुताचें. अशक्य गोष्ट अगदीं साध्या, घरगुती चेहऱ्यानें घडते, म्हणून आपण हंसतों.

तिसरे मॅक्स लिंडर. यांनीं जादू बाजूला ठेवली आणि एक मनुष्य निर्माण केला. उंच रेशमी टोपी, हातांत छडी, नेटक्या मिशा, असा हा शहरी, संपन्न, सदा प्रेमांत पडणारा मॅक्स. १९०५ पासून पाथे कंपनीच्या चित्रांतून तो दिसूं लागला. पुढें लिंडर स्वतःच आपलीं चित्रें दिग्दर्शित करूं लागले. त्यांच्या विनोदाचें मर्म एकच : कितीहि फजिती झाली तरी सभ्यपणाचा आव सोडावयाचा नाहीं. बर्फावर घसरगुंडी होत असतांहि टोपी सांवरणारा हा गृहस्थ चार्ली चॅप्लिन यांना गुरुस्थानीं वाटला, यांत नवल नाहीं.

आतां आपल्याकडे येऊं. फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. छायाचित्रण आणि छपाई हे व्यवसाय त्यांनीं केले. आणि आणखीहि एक विद्या त्यांना अवगत होती, ती म्हणजे जादू. आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलट करून ‘प्रोफेसर केळफा’ या नांवानें ते जादूचे प्रयोग करीत. फाळकेचें केळफा! नांवाची ही उलटापालट हाच एक छोटासा विनोद आहे. मेलिएस यांच्याशीं फाळके यांचें साम्य येथूनच सुरू होतें. दोघेहि हस्तकौशल्यांतून कॅमेऱ्याकडे आले, आणि दोघांनाहि कॅमेरा ही जादूगाराची नवी पोतडी वाटली.

१९१२ सालीं इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनीं प्रथम काय टिपलें? कुंडींतल्या वाटाण्याची वाढ. दिवसेंदिवस थोडें थोडें चित्रण करून त्यांनीं अंकुर फुटण्यापासून वेल चढेपर्यंतचा सारा क्रम पडद्यावर कांहीं क्षणांत उरकून दाखविला आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटविली. हें विनोदी चित्र नव्हे. तथापि काळाला हवें तसें आंखडण्याची ही युक्तीच पुढें विनोदाला उपयोगी पडते. १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटांत दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, आणि १९१४ सालीं त्या चित्रपटाच्या जोडीला एक लहानसा हास्यपट दाखविण्यांत आला : ‘पिठाचे पंजे’.

या जोडणीकडे जरा थांबून पाहण्यासारखें आहे. एकीकडे पुराणांतील असुर, जो वराच्या उन्मादांत अखेर आपल्याच मस्तकावर हात ठेवून भस्म होतो; आणि दुसरीकडे नांवावरूनच चुलीजवळचा, घरगुती वाटणारा खेळ. देवादिकांच्या भव्य कथेला पिठाच्या हातांचा शेजार देणें ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी नव्हती. तमाशांत गणानंतर गौळण आणि तींत पेंद्याची थट्टा येतेच; दशावतारांतहि गंभीर आख्यानाला संकासुराच्या माकडचेष्टांची साथ असते. फाळके यांनीं तीच बैठक चित्रगृहांत आणली.

पुढें महायुद्धाच्या दिवसांत कच्च्या फितीची टंचाई झाली, तेव्हां त्यांनीं आंखूड चित्रांचा आश्रय केला. ‘आगकाड्यांची मौज’ हें त्यांतलेंच एक. निर्जीव काडी थोडी सरकवावी, एक चित्र घ्यावें, पुन्हां सरकवावी, पुन्हां एक घ्यावें; असें शेंकडों वेळां केलें म्हणजे पडद्यावर काडी आपल्या पायांनीं चालते. फ्रान्समध्यें एमिल कोल यांनीं १९०८ सालीं आगकाड्यांना असेंच जिवंत केलें होतें. पॅरिसमधील कोल आणि आपले फाळके हे दोघे पैशापैशाच्या काड्यांपुढें तासन्‌तास वांकून बसले आहेत, हें चित्र डोळ्यांपुढें आणा. दोन सेकंदांच्या हंशासाठीं केवढी ही तपश्चर्या!

परंतु फाळके यांच्या विनोददृष्टीची खरी ओळख पटते ती १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांत. आणि सुदैवानें त्याचा मोठा भाग आज पाहावयास मिळतो. बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिनें केली आहे. कथेला आरंभ होण्यापूर्वीं ही सातआठ वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर येते आणि निरनिराळे भाव एकामागून एक मुद्रेवर आणून दाखविते. जादूगार खेळापूर्वीं आपले मोकळे हात दाखवितो, त्यांतलाच हा प्रकार. ‘पाहा, ही साधी मुलगी आहे, आतां हिचा देव होणार आहे,’ असें जणू दिग्दर्शक सांगतो. प्रेक्षक पहिल्यापासून गुपितांत सामील होतो, आणि मग कृष्णाच्या प्रत्येक खोडींत त्याला दुहेरी गोडी वाटते. पोर देवाची आहे आणि देव पोराचा आहे!

नंतर येतात त्या खोड्या. सवंगड्यांतल्या एकीचा अपमान एका गांवकरणीकडून होतो आणि बाळगोपाळ त्याचा सूड लोणी पळवून उगवितात. एका श्रीमंत व्यापाऱ्याची आणि त्याच्या पत्नीची रात्रीं फजिती होते. या प्रसंगांची मांडणी पाहिली म्हणजे ल्यूमिएरांच्या माळ्याची आठवण होते. निजलेल्याला कळत नाहीं, प्रेक्षकाला कळतें. आणि मधल्या क्षणांत आपण श्वास रोखून हंसूं आंवरतों. फाळके कॅमेरा फारसा हालवीत नाहींत. नाटकाच्या पहिल्या रांगेंत बसलेल्या प्रेक्षकासारखा तो समोर स्थिर असतो, आणि पात्रें पायांपासून डोक्यापर्यंत दिसतात. मेलिएस यांचीहि हीच रीत. कोणी तिला अडाणीपणा म्हणेल. पण खोडकराला आणि ज्याची खोडी काढावयाची त्याला एकाच चौकटींत ठेवावयाचें असेल, तर ही रीत उपकारकच आहे. चित्र तोडलें, तर गुपित तुटतें.

आणि जेथें तोडावयास हवें, तेथें फाळके तोडतातहि. शेवटीं कृष्ण डोहांत उडी घेतो. पाण्याखालीं सर्पाशीं झुंज आणि कांठावर भयभीत गोकुळ, अशीं दोन ठिकाणें आळीपाळीनें दाखवून ते हृदयाचा ठोका वाढवितात. खोड्यांच्या वेळीं संथ चौकट आणि संकटाच्या वेळीं द्रुत पालट. एकाच चित्रपटांत ही गतीची जाण दिसते, आणि तीच दिग्दर्शकाची सही होय. तें पोर डोहांतून वर येतें, तेव्हां मघाशीं ज्याच्या खोड्यांना आपण हंसलों त्याच्यासाठींच डोळे पाणावतात. आधीं हंसविलें नसतें, तर हें भय इतकें खरें वाटलें नसतें.

फ्रान्समध्यें हा मुका विनोद त्यानंतर कोणत्या उंचीवर गेला, तेंहि पाहिलें पाहिजे. म्हणजे आपल्या कामगिरीचें माप नीट समजेल. रेने क्लेर या दिग्दर्शकाचा ‘इटालियन गवती टोपी’ हा मूकपट १९२८ सालीं आला. त्याचें मूळ लाबिश आणि मार्क-मिशेल यांचें १८५१ चें प्रहसन. सारें चुरचुरीत संवादांवर उभें. शब्दांवर जगणारी कृति घेऊन तिचे शब्दच काढून टाकावयाचे, हें धाडस क्लेर यांनीं केलें. कथा अशी : लग्नाच्या दिवशीं नवरदेवाच्या घोड्यानें झुडपावर अडकलेली एक गवती टोपी खाल्ली. टोपीची मालकीण विवाहित, आणि झुडपाआड ती एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर होती. तशीच दुसरी टोपी मिळाल्यावांचून ती नवऱ्यापुढें जाऊं शकत नाहीं, आणि तो अधिकारी तर नवरदेवाच्या घरीं ठाण मांडून घराची धूळधाण करण्याची धमकी देतो. मग काय, नवरदेव टोपीच्या शोधांत आणि सारें वऱ्हाड त्याच्या मागें!

क्लेर यांनीं प्रत्येक वऱ्हाड्याच्या गळ्यांत एकेक वस्तु बांधली आहे. सासऱ्याला नवे बूट चावतात. नवरीच्या पाठींत टांचणी टोंचते. एकाचा एक हातमोजा हरवला आहे. बहिऱ्या काकांच्या ऐकण्याच्या नळींत कांहीं तरी अडकलें आहे. एकाचा गळपट्टा सारखा घसरतो. विवाहनोंदणीच्या वेळीं अधिकारी गंभीरपणें भाषण करीत असतो. त्या गळपट्टेवाल्याची बायको त्याला दुरून खुणावते, ‘अहो, गळपट्टा सांवरा!’ नवऱ्याला कळत नाहीं. पण ती खूण पाहून सभेंतला प्रत्येक पुरुष आपापला गळपट्टा चांचपूं लागतो. अखेर भाषण करणाऱ्या अधिकाऱ्याचाहि हात गळ्याकडे जातो! एकहि शब्द नाहीं. आणि प्रतिष्ठित समाजाची ‘लोक काय म्हणतील’ ही सारी धास्ती त्या एका खुणेंत उघडी पडते. शेवटीं सांपडतें काय? जिच्यासाठीं सारें पॅरिस पालथें घातलें, तशीच टोपी बहिऱ्या काकांनीं सकाळींच आहेराच्या पेटींत आणलेली असते. काकांना ऐकूं येत नव्हतें, आणि त्यांचें कोणी ऐकत नव्हतें!

क्लेर यांनीं कथेचा काळ १८५१ वरून उचलून १८९५ मध्यें, म्हणजे चलच्चित्राच्या जन्मवर्षीं ठेवला. ल्यूमिएरांच्या माळ्याला आणि मेलिएसच्या जादूला केलेला तो नमस्कार आहे, असें मी समजतों. फाळके आणि क्लेर यांतील भेदहि येथेंच दिसतो. फाळके यांचें हंसें पोराच्या बाजूनें उभें राहून वडीलधाऱ्यांची फजिती पाहतें. क्लेर यांचें हंसें वडीलधाऱ्यांच्या बुटांत शिरून त्यांना आंतून चावतें. एकाचा विनोद अंगणांतला, दुसऱ्याचा दिवाणखान्यांतला. आपल्याकडे वऱ्हाडाच्या मानपानावर, आहेरावर, रुसव्याफुगव्यावर असा शब्दहीन हास्यपट होण्यासारखी सामग्री कांहीं कमी नव्हती. पण वेळ मिळाला नाहीं. कारण चित्रपट बोलूं लागला.

१४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ आला. १९३२ सालीं प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. योगायोग पाहा : १९१३ चा पहिला चित्रपटहि हरिश्चंद्राचा, आणि मराठीचा पहिला बोलपटहि हरिश्चंद्राचा. १९१३ सालीं एकच चित्रपट पुरला. हिंदी आणि इंग्रजी मजकुराच्या पाट्या पडद्यावर येत आणि वाचतां न येणाऱ्यांसाठीं कोणी तरी त्या मोठ्यानें वाचून दाखवी. १९३२ सालीं तीच कथा मराठींत एकदां आणि हिंदींत एकदां अशी दोनदां चित्रित करावी लागली. वाचा आली आणि तिच्याबरोबर भिंतहि आली. बोलपटानें आपल्याला अमोल विनोद दिला, हें मी नाकारीत नाहीं. परंतु सोलापुरासारख्या ठिकाणीं जी तेलुगु आजी आणि जें मराठी पोर एका बांकावर बसून एकाच क्षणीं हंसूं शकत होतीं, त्यांच्यामध्यें त्या दिवसापासून एक दुभाषी येऊन बसला.

आणि दुसरी हानि याहून मोठी आहे. १९१३ ते १९३४ या काळांत आपल्या देशांत तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकीं आज अगदीं मोजके उरले आहेत, आणि तेहि बहुतेक तुकड्यांच्या रूपांत. कांहीं फिती जळाल्या, कांहीं कुजल्या, कांहीं त्यांतील चांदीसाठीं वितळविल्या गेल्या. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळें फाळके यांच्या कृतींचे जे अवशेष हातीं लागले, त्यांत ‘कालिया मर्दन’ आहे. ‘पिठाचे पंजे’ मात्र गेले. मुख्य चित्रपटाच्या शेपटाला जोडलेला हास्यपट जपून ठेवावा असें कोणास वाटणार? गंभीराला आपण देव्हाऱ्यांत ठेवतों आणि विनोदाला ओसरीवर. आणि पावसाचें पाणी पहिल्यानें ओसरीवरच येतें.

म्हणून माझी एक विनंति आहे. कुंभारीच्या त्या वसाहतींत एखाद्या सायंकाळीं, विड्यांचीं सुपें बाजूला ठेवल्यावर, एका घराची पांढरी भिंत मोकळी करावी आणि तिच्यावर ‘कालिया मर्दन’ दाखवावा. निवेदन नको, भाषांतर नको, माझ्यासारख्याचें भाषण तर मुळींच नको. सातआठ वर्षांची ती मुलगी शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच्या उजेडांतून समोर येईल आणि मुद्रेवर भाव आणूं लागेल. त्या वेळीं भिंतीकडे पाहूं नका. समोर बसलेल्या मुलांच्या तोंडांकडे पाहा. तेलुगु, कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारीं तीं तोंडें एकदमच फुललीं, तर प्रोफेसर केळफा यांचा खेळ अजून संपलेला नाहीं, असें खुशाल समजा.